मोरीच्या पाण्यावरचं अळू

गुहागरला आमच्या आजोळच्या घरात मोरीचं पाणी कधी वाया गेलं नाही. न्हाणीघराच्या भिंतीतून एक पन्हळ बाहेर येत असे आणि तिच्या तोंडाशीच अळवाचं बन होतं. अळवाला पुरून उरलेलं पाणी पुढे कर्दळीला आणि तिच्यापुढच्या दोन केळींना मिळे. तांदूळ धुतलेलं पाणी मिरचीच्या आळ्यात, चुलीतली राख वालावरच्या माव्यावर, गोठ्यातलं शेण कुजून सगळीकडे. आजीच्या तोंडी ‘बागकाम’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. ती ‘परसात जाऊन येते’ म्हणायची आणि येताना ओच्यात चार पडवळं, मूठभर मिरच्या आणि अळवाची पानं घेऊन यायची. तिच्या लेखी हा स्वयंपाकाचाच भाग होता. विळी घेऊन बसण्याच्या आधीची पायरी.

पुढे आम्ही शहरात आलो, तिसऱ्या मजल्यावर. इथे मोरीचं पाणी नळीतून कुठे जातं ते दिसत नाही, भाजीची देठं-सालं रोज सकाळी पिशवीत भरून खाली जातात आणि भाजी दुसऱ्या पिशवीतून वर येते. घर आणि परस यांच्यातला जो फेरा होता, तो तुटला. गेली अठरा वर्षं मी पुण्यात, आमच्या इमारतीच्या गच्चीवर, तो फेरा जमेल तेवढा पुन्हा जोडते आहे. या पुस्तकातला मजकूर त्या अठरा वर्षांच्या वह्यांमधून आला आहे. काय लावलं, कधी लावलं, कशाने गेलं, किती आलं, एवढंच त्या वह्यांत होतं. मैत्रिणींनी त्यांच्या झेरॉक्स काढून नेल्या, वाचून प्रश्न विचारले, आणि त्या प्रश्नांची उत्तरं लिहिता लिहिता पुस्तक झालं.

घरच्या भाजीला आता सगळे ‘छंद’ म्हणतात. मला तो शब्द मान्य आहे, कारण माझं पोट त्यावर अवलंबून नाही. पण या छंदाची जात वेगळी आहे, हे पहिल्या पानावरच सांगितलेलं बरं. पेटी आठ दिवस उघडली नाही तर ती रुसत नाही. विणकाम गणपतीत बाजूला ठेवून दिवाळीनंतर हातात घेता येतं. भेंडीचं तसं नाही. फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत ती तोडावी लागते. दोन दिवस उशीर झाला की ती निबर होते, आणि झाडाला वाटतं आपलं काम झालं, बी धरलं. मग ते नवीन फुलं कमी काढतं. म्हणजे एका आळसाची किंमत पुढचे पंधरा दिवस मोजायची. तोडताना अंगावरची लव हाताला खाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचा जुना सदरा घालायचा, बोटाने टोक मोडून बघायचं, कट्कन तुटलं तर कोवळी. हे दिवसाआड, पावसातसुद्धा. छंद आहे, पण शिस्त घरकामाची आहे. ज्यांना हे पटेल त्यांनीच पुढे वाचावं, असं मी अगदी मनापासून म्हणते, कारण दर जूनमध्ये हौसेने भरलेल्या आणि सप्टेंबरात वाळून गेलेल्या कुंड्या मी खूप पाहिल्या आहेत, आणि त्या पाहवत नाहीत.

सुरुवात बहुतेक जण बियांच्या पुड्यांपासून करतात. ती उन्हापासून करायला हवी. फळभाजीला दिवसाचं किमान सहा तास थेट ऊन लागतं, पालेभाजी तीन-चार तासांत भागवते. पण आपल्याकडे कुठलं ऊन कधी येतं हे घर घेतानाही कोणी बघत नाही. माझी पहिली चूक हीच होती. तेव्हा गच्चीची परवानगी मिळाली नव्हती, म्हणून दक्षिणेकडच्या बाल्कनीत जूनमध्ये टोमॅटोची सहा रोपं लावली. दक्षिणेला भरपूर ऊन असतं, असं ऐकलेलं होतं. रोपं उंच, फिकी, काटकुळी झाली आणि फुलं धरायच्या आतच लवंडली. कारण नंतर कळलं. पुणं साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला एक दिवस असा येतो की भर दुपारी आपली सावली पायाखाली नाहीशी होते. त्या दिवसापासून जुलै संपेपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. म्हणजे जूनमध्ये दक्षिणेच्या बाल्कनीला थेट ऊन जवळजवळ नाहीच, त्यात वर ढग. तीच बाल्कनी डिसेंबरात सूर्य दक्षिणेला खाली उतरला की दिवसभर न्हाऊन निघते. त्याच जागी, त्याच कुंड्यांत, ऑक्टोबरात लावलेल्या टोमॅटोने मला जानेवारीभर पुरवलं. म्हणून माझा आग्रह आहे: कुंडी आणायच्या आधी एक वर्ष नाही तरी एक आठवडा, दर दोन तासांनी, आपल्या जागेवरचं ऊन खडूने आखून बघा.

या बाबतीत आपल्या महाराष्ट्रात एक फार मोठा माणूस होऊन गेला आणि त्याचं नाव नव्याने कुंड्या भरणाऱ्यांना ठाऊक नसतं, याचं मला वाईट वाटतं. श्रीपाद अच्युत दाभोळकर. गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि साध्या शेतकऱ्यांना स्वतःच्या शेतात स्वतः प्रयोग करून नोंदी ठेवायला लावलं. त्यांचं ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक मी वाचलं तेव्हा माझ्याकडे अकरा कुंड्या होत्या. पानावर पडणारा सूर्यप्रकाश हीच आपली खरी मिळकत आणि शेती म्हणजे त्या मिळकतीचा हिशोब, हा त्यांचा विचार अकरा कुंड्यांनाही तितकाच लागू पडतो. वही ठेवायची सवय मला त्यांच्यामुळे लागली.

गच्चीवर जायचं तर आधी वजनाचं बघा. ज्या सपाट गच्चीवर माणसांची ये-जा असते तिच्यासाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. आता एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल वाफा बागेतल्या मातीने भरला आणि त्यावर पाणी घातलं, तर त्याचं वजन ५०० किलोच्या आसपास जातं. हा आकडा वाचून दोन मिनिटं थांबावं. थेट स्लॅबवर माती पसरणं हा छंद नाही, धोका आहे. कुंड्या तुळयांच्या रेषेवर, भिंतीकडेला ठेवायच्या, माती कमी करून कंपोस्ट आणि कोकोपीट वाढवायचं, कुंड्यांखाली विटा द्यायच्या म्हणजे पाणी साचत नाही आणि खालची फरशी दिसत राहते. खालच्या मजल्यावर ओल आली तर आधी बोट आपल्याकडेच येणार, हे गृहीत धरा आणि गच्चीचं जलरोधक काम झाल्याशिवाय पहिली कुंडी वर नेऊ नका. शेजाऱ्यांशी बिघडलं की बाग टिकत नाही. हाती आलेले पहिले दोडके मी खालच्या दोन्ही घरांत दिले होते.

आता दोडक्याकडे येते, कारण या पुस्तकातलं मला सर्वांत जवळचं प्रकरण तेच आहे.

लहानपणी आजोळी वेलाला लागलेल्या कोवळ्या फळाकडे बोट दाखवायची सक्त मनाई होती. ‘अगो, बोट नको दाखवू, कुजेल ते,’ असं आजी म्हणायची. दाखवायचंच तर बोट वाकवून, पेराने दाखवायचं. आम्ही मुलं एकमेकांवर पाळत ठेवून असायचो. आणि खरंच, काही कोवळी फळं बोटाएवढी होऊन पिवळी पडायची, गळायची, मग कोणी बोट दाखवलं यावर भांडण. पुढे गच्चीवर दोडका लावला तेव्हा पहिल्या मोसमात एकूण एक फळ तसंच पिवळं पडून गळलं. तिथे बोट दाखवणारं कोणी नव्हतं.

दोडक्याच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी असतात. पहिले आठ-पंधरा दिवस बहुधा नरफुलंच येतात, एका दांड्यावर झुपक्याने. नवखा माणूस तेव्हाच निराश होतो. मग मादीफूल येतं, एकटं, आणि त्याच्या मागे देठाच्या जागी करंगळीच्या टोकाएवढा, शिरा उमटलेला, इवलासा दोडका असतो. तो आधीपासूनच तिथे असतो म्हणून फळ धरलं असं वाटतं. तसं नसतं. परागकण पोचले तरच ते फळ, नाही तर तीन दिवसांत पिवळं. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. घोसाळं त्याचं सख्खं भावंड, पण ते पहाटे उमलतं. आजोळी संध्याकाळच्या फुलांवर येणारे पतंग आणि किडे परसात भरपूर होते. चौथ्या मजल्यावरच्या सिमेंटच्या गच्चीवर ते कुठून येणार? म्हणून ते काम आपण करायचं. साडेपाच-सहाच्या सुमारास वर जायचं. नरफूल तोडायचं, त्याच्या पिवळ्या पाकळ्या मागे दुमडायच्या किंवा काढून टाकायच्या, मधल्या पुंकेसरांना बोट लावून बघायचं, पिवळी भुकटी लागली की तयार. मग ते मादीफुलाच्या मधोमध हलक्या हाताने टेकवायचं, दोन-तीनदा फिरवायचं. एका नरफुलात दोन मादीफुलं होतात. दुसऱ्या दिवशी फूल मिटलेलं असतं, तिसऱ्या दिवशी त्या इवल्या दोडक्याचा हिरवा रंग गडद होतो आणि त्याची मान खाली झुकते. मान झुकली की धरलं. आठ-दहा दिवसांत तो ताटात येतो.

हे काम पाच मिनिटांचं आहे आणि दिवसातल्या सगळ्या कामांत मी याचीच वाट बघते. ऑफिसातून येऊन पर्स खुर्चीवर टाकून मी थेट वर जायची. आता निवृत्त झाल्यावरही वेळ तीच. आषाढातल्या संध्याकाळी पाऊस उघडलेला असतो, पिवळी फुलं एकेक करून पसरत असतात, आणि शेजारच्या पडवळाच्या पांढऱ्या फुलांच्या कडांना सुटलेल्या झालरी उलगडायला लागतात. पडवळाचं फूल अंधार पडताना बघावं. प्रत्येक पाकळीची कड दोऱ्यांसारखी सुटते, जणू कोणी क्रोशाच्या सुईने विणून सोडली आहे. पडवळ भाजी म्हणून न आवडणाऱ्यांनीही एकदा हे फूल पाहण्यासाठी एक वेल लावावा. फळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला सुतळीने छोटा दगड बांधायचा, ही आजीची रीत मी अजून पाळते.

कंटाळवाणी कामंही सांगायला हवीत. उन्हाळ्यात माझ्या चाळीस कुंड्यांना रोज चार-पाच बादल्या पाणी लागतं, आणि ते सकाळी सातच्या आत किंवा उन्हं उतरल्यावर घालायचं. आजीसारखं मोरीचं पाणी मला देता येत नाही. आजच्या साबणाच्या भुकटीतला सोडियम मातीत साठत जातो, माती घट्ट बसते. म्हणून तांदूळ-डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी वेगळ्या बादलीत साठवते आणि वर नेते. जिने चढणं हा या छंदाचा मोठा भाग आहे, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं. उन्हाळ्यात चार दिवस गावाला जायचं तर आधी पाण्याची सोय करून मगच तिकीट काढायचं.

अनियमित पाण्याचा फटका टोमॅटोवर लगेच दिसतो. फळाचं बूड काळं पडून खपली धरते. लोक अंड्याची टरफलं कुटून घालतात, कारण हा चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या कमतरतेचा प्रकार आहे असं सांगितलेलं असतं. ते अर्धं खरं आहे. बहुतेक वेळा कॅल्शियम मातीत असतं, पण ते पाण्याबरोबर वर चढतं. एक दिवस कोरडी ठणठणीत आणि दुसऱ्या दिवशी चिखल अशी कुंडी असेल तर ते फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. टरफलांपेक्षा वेळेवर पाणी आणि मातीवर वाळक्या पानांचा थर, हा इलाज आहे.

किडींवर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. मावा आणि पिठ्या ढेकूण रोज पान उलटून बघणाऱ्याकडे फार वाढत नाहीत. आधी पाण्याचा फवारा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, तेही संध्याकाळी. रासायनिक औषध मी घरच्या भाजीवर मारत नाही, कारण परवा काय मारलं होतं हे आठवून मुलांना आज काकडी द्यायची, हे मला जमणार नाही. मात्र प्रत्येक अळी शत्रू नसते. लिंबाच्या कुंडीत पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली तर ती बहुधा एखाद्या मोठ्या काळ्या फुलपाखराची असते. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून ज्याला मान दिला ते ब्लू मॉरमॉन लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतं. चार पानं जाऊ द्यावीत.

धीराचा धडा मला वालाने दिला. जूनमध्ये लावलेला गावठी वालाचा वेल जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर नुसता पाला वाढवतो, अख्खा कठडा झाकतो आणि एकही फूल देत नाही. एका मैत्रिणीने वांझ म्हणून तो गणपतीनंतर उपटून टाकला. वेल वांझ नव्हता. जुन्या जातींचा वाल दिवस लहान होण्याची वाट बघतो. रात्र पुरेशी मोठी झाली की कळ्या येतात आणि मग मार्गशीर्ष-पौषात शेंगा आवरत नाहीत. भोगीच्या भाजीत आणि रायगडच्या पोपटीत ओल्या शेंगा थंडीतच का असतात, त्याचं उत्तर या वेलात आहे. बाजारातल्या काही सुधारित जाती बारा महिने फुलतात, त्यांची सोय वेगळी. पण चवीला मी गावठीच लावते, आणि त्याचं बी घरचंच.

बी धरणं हे खरं तर या सगळ्याचं अर्धं अंग आहे. संकरित बियाण्याच्या फळातलं बी पुढच्या वर्षी तसंच उगवत नाही, गावठीचं उगवतं. वेलावरचं सर्वांत चांगलं फळ खायचा मोह आवरून बियाण्याला सोडायचं. दोडका वाळून तपकिरी झाला, हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की उतरवायचा. आजी काकडीच्या आणि भोपळ्याच्या बिया शेणात कालवून भिंतीला थापायची आणि मृगाच्या आधी खरवडून काढायची. मी काचेच्या बाटलीत राख घालून ठेवते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी याच घरगुती रीतीतून गावरान बियाण्यांची बँक उभी केली, वाल-घेवड्याच्या कितीतरी जाती जपल्या, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या बाईने आपल्या परसातून हे केलं. बाजारात मिळणारी रंगीत पुडी विकत घेणाऱ्या प्रत्येकाने त्यांची गोष्ट मुलांना सांगावी.

पैशाचा हिशोब लोक हमखास विचारतात. कुंड्या, कोकोपीट, कंपोस्ट आणि पाणी धरलं तर पहिल्या दोन वर्षांत घरची भाजी बाजारापेक्षा महाग पडते. नंतर कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता, अळू आणि पालेभाज्या यांचा खर्च बराचसा थांबतो. बटाटे-कांदे गच्चीवर पिकवण्याच्या भानगडीत पडू नये. आमच्या चौघांच्या घराला पावसाळ्यात आठवड्यातले तीन-चार दिवस गच्चीवरची भाजी असते, मार्च ते मे जेमतेम एक दिवस. एवढंच वचन हे पुस्तक देऊ शकतं.

पण वर्षातला एक दिवस असा आहे की त्या दिवशी ही सगळी यातायात आपल्या परंपरेत आधीपासून बसलेली दिसते. भाद्रपदातली ऋषिपंचमी, गणपतीचा दुसरा दिवस. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगरलेल्या शेतातलं काही नको, हाताने लावलेलं तेवढंच चालतं. म्हणून ऋषीची भाजी परसातली: अळू, लाल माठ, भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, मक्याचं कणीस, सुरण, अंबाडे. तेल-फोडणी नाही, मसाला नाही, फक्त उकड आणि मीठ-मिरची. आता बाजारात त्या दिवशी या सगळ्याचा एकत्र वाटा मिळतो आणि तो कुठल्या शेतातून, कुठल्या ट्रॅक्टरच्या नांगरटीतून आला हे कोणी विचारत नाही. गच्चीवरची बाग मार्गी लागल्यापासून माझ्या घरी ती भाजी सुरण आणि अंबाडे सोडून पूर्ण हातची असते. वर्षभरात मला सर्वांत जास्त समाधान देणारं जेवण तेच. पहिल्या वर्षी ते झालं तेव्हा आई आमच्याकडे होती. तिने घास घेतला आणि म्हणाली, ‘परसातलं आहे गो.’ तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

या पुस्तकाची प्रकरणं महिन्यांप्रमाणे लावली आहेत आणि सुरुवात जानेवारीपासून न करता रोहिणी नक्षत्रापासून केली आहे, कारण मे संपताना माती भरून ठेवली नाही तर मृगाचा पाऊस हातचा जातो. तुम्ही मात्र रोहिणीची वाट बघू नका. स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्यातले चार चमचे मेथीदाणे आज रात्री भिजत घाला. उद्या एका पसरट टोपलीत किंवा खोक्यात चार बोटं माती घेऊन त्यावर ते पसरा आणि वरून मातीचा हलका थर द्या. चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब वर येतील, महिन्याच्या आत एका वेळची भाजी होईल. तेवढी खाऊन झाली की मग हे पुस्तक पुढे वाचा.